ला क्रॉसपर्यंत

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या मराठी मंडळींत रामभाऊ मेश्राम यांची ख्याती अशी, की या माणसाच्या तोंडून नकार कुणी ऐकलेला नाही. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला माणूस हवा, रामभाऊ. बुद्धजयंतीच्या दिवशी कुणाची तरी सासू एअरपोर्टवर अडकून पडली, रामभाऊ. जेवणाच्या रांगेत शेवटी पोचले आणि भाजी संपून नुसता भात उरला, तरी रामभाऊंना चालेल. 'चालेल' या एका शब्दाच्या भांडवलावर माणूस अडुसष्ट वर्षं काढू शकतो, वर नोकरी, संसार, दोन मुलांची शिक्षणं आणि अमेरिकेत घर एवढंही करू शकतो, याचं ते चालतंबोलतं उदाहरण. लोक त्यांना गुणी म्हणायचे. असल्या गुणी माणसाबरोबर राहणं किती अवघड असतं, ते फक्त त्याच्या बायकोला माहीत असतं.

हा गुण आला आईकडून. रामभाऊंचं गाव पवनी, वैनगंगेच्या काठावरचं. वडील विड्या वळायचे. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, की नदी ओलांडायच्या डोंग्यात आपण मागच्या कोपऱ्यात बसायचं नाही, मधल्या फळीवर बसायचं. मग दर बाजाराला काठावर वाद. वडील आवाज चढवायचे, आणि आई मागून त्यांचा सदरा ओढत म्हणायची, जाऊ द्या ना, आपल्याला मागचं चालते. वडील शेवटी मधल्या फळीवर बसूनच पलीकडे जायचे, एकदा नाही, दर वेळी. पण पोराने चेहरा बापाचा घेतला आणि जीभ आईची.

नागपुरातून इंजिनियर होऊन हे पोर मिनेसोटात आलं, तीस वर्षं एका कंपनीत पाण्याचे व्हॉल्व्ह तपासत बसलं, आणि रिटायर झालं त्या वर्षी त्याने कुणालाही न विचारता एक बोट घेतली. मंडळात नवल झालं. रामभाऊंनी आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ती बहुधा एकच वस्तू. बोट बावीस फुटांची, जुनी, पुढे बुटकी केबिन. त्यात दोन माणसं झोपू शकतात, मात्र कूस बदलायची तर दोघांनी मिळून ठरवायला हवं. एक शेगडी, ताटाएवढं सिंक आणि एक संडास, जो बायकोने, म्हणजे रमाबाईंनी, एकदा पाहिला आणि बाहेरून दार लावून घेतलं. वेग असा की काठावरचा सायकलवाला हात करून पुढे निघून जावा. मागे आधीच्या मालकाने रंगवलेलं नाव तसंच होतं, 'सॅली ॲन'. रमाबाईंनी विचारलं, "ही कोण बाई?" आणि पुढे कितीतरी दिवस रामभाऊ घरी उशिरा आले की त्या म्हणायच्या, "जेवण सॅलीनं वाढलं असंल."

 रमाबाईंना पोहता येत नाही, पाण्याची धास्ती. तरी पहिल्या उन्हाळ्यात त्या तीनदा बोटीवर आल्या. पहिल्या वेळी दोन्ही हातांनी कठडा धरून बसल्या, दुसऱ्या वेळीही तशाच, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी एक हात सोडून नवऱ्याला चहाचा कप दिला. रामभाऊंनी तेव्हाच मनात नकाशा काढला. मिसिसिपीच्या प्रवाहाबरोबर खाली जायचं, हेस्टिंग्जहून ला क्रॉसपर्यंत. घाई नाही. संध्याकाळी एखाद्या बेटामागे नांगर टाकायचा, सकाळी उठून पुढचं लॉक, म्हणजे बांधातलं जलद्वार, गाठायचं. सहा दिवस, दोघंच. पुढच्या उन्हाळ्यात जाऊ, असं ठरलं.

पुढच्या उन्हाळ्यात प्लेनोला त्यांच्या मुलीला, मोनालीला, जुळी झाली. वीर आणि इला. रमाबाई तीन महिन्यांसाठी म्हणून टेक्ससला गेल्या. तीन महिन्यांचे सहा झाले, कारण मुलं अशक्त होती. सहाचं वर्ष झालं, कारण डेकेअर मिळेना. मग मोनालीला प्रमोशन मिळालं, मग जावयाचा प्रोजेक्ट शिकागोला गेला, मग इलाचा दमा. प्रत्येक वेळी फोन यायचा, "बाबा, आई अजून थोडे दिवस राहिली तर तुम्हाला चालेल ना?" आणि प्रत्येक वेळी रामभाऊ म्हणायचे, "हो हो, चालेल. माझं काय, माझं मजेत चाललंय." असे थोडे थोडे करत पाच वर्षं गेली. भांडण नाही, तंटा नाही. नवरा मिनेसोटात, बायको टेक्ससमध्ये. आपल्या लोकांत अशी घरं कितीतरी आहेत आणि ती सगळी सुखी म्हणूनच मोजली जातात.

रामभाऊ ख्रिसमसला प्लेनोला जायचे. मोठं घर, वरच्या मजल्यावर पाहुण्यांची खोली, दोन्ही बाजूंना तसलीच मोठी घरं आणि चालायला निघालं तर शेजारी गाडी थांबवून विचारणार, सगळं ठीक आहे ना. रमाबाई नातवंडांच्या खोलीत झोपायच्या, कारण इला रात्री उठायची. दहाव्या दिवशी रामभाऊ परत यायचे. नळ गोठतील, म्हणायचे.

यंदा मात्र जुळी शाळेत जायला लागली. ऑगस्टमध्ये रमाबाई स्वतःहून म्हणाल्या, "आता मोकळी झाली मी. तुमचं ते ला क्रॉस का काय, कधी जायचं?" रामभाऊंनी फोन कानाला धरूनच कॅलेंडर काढलं. ठरलं असं, की सप्टेंबरात रामभाऊ रविवारी एकटेच निघतील. मधली लॉकं रमाबाईंना भीतिदायक वाटतील, ती ते एकटे पार करतील, आणि शनिवारी रमाबाई विमानाने ला क्रॉसला येतील. तिथून दोघं सावकाश परत वर येतील आणि मग घरी. घरी हा शब्द रमाबाईंनी उच्चारला होता, रामभाऊंनी नव्हे. त्यांनी तो आठवडाभर मनात घोळवला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा दोन उश्यांचे अभ्रे धुतले.

निघाले तेव्हा हवा छान होती. पहिल्या दिवशी रेड विंगच्या अलीकडचं तीन नंबरचं लॉक लागलं. नदीला ठिकठिकाणी बांध घातलेत, त्या प्रत्येक बांधाला एक लॉक. भिंतीशी जाऊन लोंबती दोरी ओढायची, आत भोंगा वाजतो, हिरवा दिवा लागला की दोन उंच भिंतींमधल्या हौदात शिरायचं. मागचं दार बंद होतं, वरून माणूस दोर टाकतो. तो धरून ठेवायचा, पाणी आठ-दहा फूट खाली उतरतं तसा सैल सोडत जायचा, मग पुढचं दार उघडतं. नियम एकच, तिथे पाटीवरही लिहिलेला: दोर हातात धरायचा, बोटीला बांधायचा नाही. पाणी उतरणार, भिंत नाही उतरणार. बांधलेली बोट वरच लटकायची. व्हॉल्व्ह तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी लेक पेपिन. नदी तिथे एवढी पसरते की पलीकडचा काठ पाहुण्यासारखा लांब बसतो. पांढऱ्या पेलिकनांचे थवे उतरले होते. रामभाऊंनी फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, "मस्त!" सांता क्लाराहून मुलगा कुशल लगेच म्हणाला, "बाबा, वारा ईस्टकडून आहे, उजव्या काठाने जा." कुशलने वडिलांच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं होतं. त्यात बोट म्हणजे निळा ठिपका, आणि तो सगळ्यांना दिसायचा. उंटावरून शेळ्या हाकायची अशी सोय झाल्यामुळे कुशल खुश होता. ठिपका हलतोय म्हणजे बाबा ठीक आहेत.

ठिपक्यावर काय चाललंय ते ठिपक्यात दिसत नाही. पहिल्या संध्याकाळी रामभाऊंनी भात लावला. शेगडीवर छोटं भांडं, वर झाकण, शेजारी बेटावरची कॉटनवुडची झाडं, पाणी स्वच्छ, कशाचीही कमी नाही. भात झाला आणि ते त्याच्याकडे पाहत बसले. एकट्यासाठी रांधलेलं अन्न खाववत नाही, हे त्यांना घरीही कळलं होतं, पण घरी टीव्ही असतो. पुढच्या संध्याकाळपासून त्यांनी ब्रेडला ठेचा लावून खाल्ला. शनिवार यायला पाच दिवस होते, म्हणून तेही गोडच लागलं म्हणायचं.

रोज सकाळी अकराला रमाबाईंचा फोन यायचा. जुळी सकाळची झोप घ्यायची त्या काळापासूनचा हा नेम. एक दिवस चुकला नाही.

"नाश्ता झाला काय?"

"झाला. पोहे केले."

"बोटीवर?"

"बोटीवर काहून होत नाही? कांदा टाकून केले मस्त."

"बरं आहे तुमचं," रमाबाई म्हणायच्या.

मंगळवारी दुपारी वबाशाला बोट धक्क्याला लावली. तिथे एक म्हातारं अमेरिकन जोडपं रेस्टरूम कुठे म्हणून विचारायला आलं. रामभाऊंनी दाखवलं आणि परत जाताना त्यांना थांबवून तिघांचा एक फोटो काढला. ग्रुपवर टाकला, "नवीन मित्र." जोडपं गाडीत बसून निघूनही गेलं होतं. तेवढ्यात मोनालीचा फोन आला.

"बाबा, किती क्यूट आहेत ते लोक. यू आर हॅविंग सो मच फन ना?"

"हो ना. खूपच."

"बाबा, लिसन ना. माझ्या ऑफिसने पाच दिवस यायला सांगितलंय, फ्रॉम नेक्स्ट वीक. मुलांचा आफ्टर-स्कूल वेटलिस्टवर आहे. आईचं शनिवारचं तिकीट कॅन्सल केलं, आणि ती डिसेंबरपर्यंत राहिली, तर तुम्हाला चालेल का? खरं सांगा हं."

मागून वीर ओरडला, "आजोबा, आर यू ऑन द बोट?"

 धक्क्यावरच्या बाकावर रामभाऊ बसून होते, हातात फोन, समोर सॅली ॲन पाण्यावर हलत होती. नाही म्हणायला एक शब्द पुरत होता. त्यांना तेही माहीत होतं. पण मुलीचं ऑफिस, लहान मुलं, आणि आपण काय, बोटीवर फिरणारा रिकामा म्हातारा. मागायला तोंड उघडायचं तर आधी आपल्याला काही हवंय हे कबूल करावं लागतं.

"अगं, चालेल की," ते म्हणाले. "माझं काय. मजेत आहे मी. कर कॅन्सल."

"यू आर द बेस्ट, बाबा."

परत फिरावं असं वाटलं. पण बोट परत हेस्टिंग्जला लागली की कुशल विचारणार, काय झालं. ठिपका थांबला की फोन येणार. म्हणून ते पुढे निघाले. कुणाला गाठायचं नसताना माणूस फक्त लोकांना काळजी वाटू नये म्हणून साठ मैल पुढे जातो, असा प्रवास जगात दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही.

बुधवारी आल्माचं चार नंबरचं लॉक पार झालं, मग पाच. गुरुवारी पाच-ए, आणि दुपारी विनोनाच्या खाली एका वाळूच्या बेटामागे नांगर पडला. बेटावर आदल्या कुणाच्या तरी शेकोटीची राख होती आणि एका लहान मुलाची निळी चप्पल. रामभाऊ काठाकाठाने चालून आले. पाच मिनिटांत बेट संपलं. दुसऱ्यांदा चालून आले. सूर्य अजून वर होता. मुख्य प्रवाहातून एक टो-बोट पंधरा बार्ज, म्हणजे मालाचे सपाट तराफे, पुढे ढकलत गेली, एवढी लांब की पूर्ण जायला बराच वेळ लागला. तिच्या वरच्या काचेत एक माणूस दिसला. रामभाऊंनी हात केला. त्याचं लक्ष नव्हतं.

अशा वेळी रडू यायला हरकत नव्हती, बघायला कुणी नव्हतं. पण सवय नसली की रडणंही जमत नाही. ते केबिनमध्ये जाऊन आडवे झाले आणि दोन उश्यांपैकी एक तोंडावर घेतली. तिला साबणाचा वास येत होता. मला रमा हवी आहे, असं ते मनात म्हणाले, अगदी स्पष्ट शब्दांत, आणि स्वतःच दचकले.

शुक्रवारी ते ट्रेम्पेलोच्या सहा नंबरच्या लॉकशी पोचले तर पुढे एक टो होती. मालाची वाहतूक आधी, हौशी बोटी नंतर. दीड तास भिंतीबाहेर थांबावं लागलं. शेवटी हिरवा दिवा लागला तेव्हा अकराला पाच कमी होते. हौदात ते एकटेच. वरून नारिंगी लाइफ जॅकेट घातलेल्या एका पन्नाशीच्या बाईने दोर टाकला, "मॉर्निंग" म्हणाली, दार बंद झालं, पाणी उतरू लागलं. आणि केबिनमध्ये फोन वाजला.

दुसऱ्या कुणाचा असता तर त्यांनी वाजू दिला असता. पण अकराचा फोन. तो नाही उचलला तर रमा घाबरेल, मोनालीला सांगेल, मोनाली कुशलला, कुशल कोस्ट गार्डला. रामभाऊंनी काय केलं, तर हातातल्या दोराचे बोटीच्या खुंटीला दोन वेढे दिले, वर एक गाठ मारली आणि आत गेले. जन्मभर पाण्याचा दाब मोजलेला माणूस, आणि बायकोला काळजी वाटू नये म्हणून त्याने पाटीवरचा नियम मोडला.

"बोल, रमा."

"नाश्ता झाला काय?"

"झाला. उपमा केला."

"ठीक आहे ना सगळं?"

"एकदम मजेत," रामभाऊ म्हणाले, आणि त्याच क्षणी शेगडीवरचं भांडं घसरून खाली पडलं. मग कप पडले. जमीन एका बाजूला उचलली गेली. डोक्यावरच्या खुंटीने करकर आवाज केला आणि ते स्वतः संडासाच्या दारावर जाऊन आदळले. फोन हातातून सुटला. वरून बाई ओरडत होती, "सर! द लाइन! कट द लाइन!"

पाणी तीन फूट उतरलं होतं आणि सॅली ॲन एका कुशीवर भिंतीला लटकली होती. गाठ दगडासारखी आवळलेली. रामभाऊ चार पायांवर सरकत सिंकपाशी गेले, भाजीची सुरी घेतली, बाहेर आले आणि दोरावर घासू लागले.  बाईने पाणी सोडणं थांबवलं होतं, पण बोटीचा एक काठ पाण्याला टेकायला वीतभरच उरलं होतं. दोर तुटला तशी बोट धपकन सपाट पडली, ते गुडघ्यावर, सुरी पाण्यात.

"यू ऑल राइट, सर?" बाईने वाकून विचारलं.

"फाइन, फाइन," रामभाऊ म्हणाले. कोपरातून रक्त येत होतं. "एव्हरीथिंग फाइन. सॉरी."

दुसरा दोर आला, तो त्यांनी हातात धरला, पाणी उतरलं, दार उघडलं. तेव्हा केबिनमधून बारीक आवाज आला. फोन जमिनीवर चालूच होता.

"मी ऐकून राहिली सगळं," रमाबाई म्हणाल्या. आवाज घाबरलेला होता, पण त्याहून जास्त संतापलेला. "जिवावर बेतलं होतं ना? आणि तुम्ही त्या बाईला फाइन म्हणून राहिले. मला मजेत म्हणून राहिले. आधी बोट बाहेर काढा. नीट जागी लावा. मग फोन करा. आणि खरं बोलायचं असंल तरच करा, नाही तर करू नका."

फोन बंद झाला.

रामभाऊंनी लॉकपासून दोन मैलांवर एका बेटामागे नांगर टाकला. कोपर धुतलं. फुटके कप गोळा केले. फोन समोर ठेवून बराच वेळ बसले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आयुष्य गेलेलं, आता भांडं पुढे करायचं कसं तेच कळेना. दोनदा नंबर लावून कापला. तिसऱ्यांदा लावला.

"उपमा केला नव्हता," ते म्हणाले. "पोहेही नाही. मी चार दिवस ब्रेड खाऊन राहिलो."

फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"ते जोडपं होतं ना फोटोत, ते मित्र नव्हते. रस्ता विचारायला आले होते." मग एकदम, धाप लागल्यासारखं, "रमा, मला करमत नाही. बोटीवर नाही आणि घरीही नाही. पाच वर्षं झाली, करमत नाही. मला तू शनिवारी यायला हवी होती."

बाहेर पाणी बोटीला हळूहळू थपडा मारत होतं. 

"मग मंगळवारी चालेल काहून म्हटलं?" रमाबाईंनी विचारलं.

"मोनालीची अडचण होती..."

"मोनालीची अडचण नव्हती. तिच्या शेजारणीनं मुलांना सांभाळायला हो म्हटलं होतं. मीच मोनालीला म्हटलं, विचारून पहा बाबाला, आई डिसेंबरपर्यंत राहिली तर चालंल का. म्हटलं, पाहू तर खरं. पाच वर्षांत एकदा तरी नाही म्हणतील. एकदा तरी म्हणतील, नाही, पाठव तिला." त्या थांबल्या. "मी बाजूलाच बसली होती. स्पीकरवर होता फोन."

रामभाऊंनी समोरचे फुटके कप एका बाजूला सारले.

"पहिले दोन वर्षं मी रोज वाट पाहिली," रमाबाई म्हणाल्या. आता आवाजात राग नव्हता. "अकराला फोन करायची ना, त्यासाठीच करायची. आज म्हणतील ये. तुम्ही फोटो पाठवायचे. बर्फाचा फोटो, बोटीचा फोटो, मस्त, मजेत. मी म्हटलं, चांगलं आहे, यांचं माझ्यावाचून काही अडत नाही. मग मी इकडे पाहायला लागली. रविवारी विहारात वंदनेला जायला लागली. बाया ओळखीच्या झाल्या. त्या वर्षभरापासून मागे लागल्या आहेत, मुलांचा वर्ग घ्या, मराठी शिकवा, वंदना शिकवा. मी टाळत होती. म्हणायची, मला घरी जायचं आहे. मंगळवारी तुम्ही चालेल म्हटलं, आणि मी संध्याकाळी त्यांना हो सांगून टाकलं. बावीस मुलं आहेत. जूनपर्यंतचा शब्द दिला."

"मग आता?"

"आता काय. शब्द दिला."

"मोडता नाही येणार?"

"येईल," रमाबाई म्हणाल्या. "पण मला मोडायचा नाही. खरं सांगून राहिली. मला इथं करमायला लागलं आहे हो."

रामभाऊंच्या जिभेवर तो नेहमीचा शब्द आला होता. टोकापर्यंत आला होता. त्यांनी तो गिळला.

"वाईट वाटलं मला," ते म्हणाले. "खूप वाईट वाटून राहिलं, रमा."

"वाटू द्या," रमाबाई म्हणाल्या. "मलाही वाटलं होतं."

 फोन ठेवावा असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही. मग रमाबाईंनी कोपराचं विचारलं. रामभाऊंनी सांगितलं, किती लागलं, कुठे लागलं. लॉकमध्ये भीती किती वाटली ते सांगितलं. धपकन पडलो तेव्हा आईचं नाव तोंडात आलं, हेही सांगितलं. संध्याकाळी झोपायच्या आधी आपण हल्ली स्वतःशी मोठ्याने बोलतो, हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. रमाबाई ऐकत होत्या. मध्येच त्या नाक ओढत आहेत असं वाटलं, पण त्यांनी तसं कबूल केलं नाही, आणि रामभाऊंनी विचारलं नाही. अडीच वाजले. रमाबाईंना मुलांना शाळेतून आणायला निघायचं होतं.

"उद्या पोचाल ना ला क्रॉसला?" त्यांनी विचारलं.

"दुपारपर्यंत पोचतो."

"धक्क्यावर कोण आहे घ्यायला?"

"कोणीच नाही," रामभाऊ म्हणाले.